पाठमोरी बसलेली बाई

रोज सकाळी त्रिशरण म्हणून झालं की सिंधूताई अंगणातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर उन्हाकडे पाठ करून बसत, आणि मग अर्धा तास हलत नसत. नाकावर माशी बसली तरी हात वर जायचा नाही. नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीतली पोरं त्यांना 'स्टॅच्यू आजी' म्हणत. सून प्रीती चहा आणून ठेवी आणि विचारी, "आई, जिवंत आहात ना?" ओठ जेमतेम हलवून त्या म्हणत, "हाव वं, ठेव तिथं."

असं बसायला त्या कुठं शिकल्या, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. कधी माहीत होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी नात रोशनी कॉलेजातून उड्या मारतच आली. ती चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"आजी, आमच्या कॉलेजची जुनी स्टोअररूम उघडली. अडतीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पोरांची चित्रं निघाली! शनिवारी प्रदर्शन आहे, माझंही एक लावून राहिले. सगळ्यांनी यायचं. बाबा विहारातल्या नानाजींना घेऊन येणार आहेत."

तव्यावरची भाकर उलटायची राहून गेली. करपल्याचा वास आला तेव्हा सिंधूताईंना कळलं की आपण तव्याकडे बघतच नव्हतो.

नवरा गेला तेव्हा त्या चोविसाच्या होत्या आणि मुलगा संघपाल सहा वर्षांचा. त्याच कॉलेजात त्या झाडूपोछ्याला लागल्या. घरी सासूला तेवढंच ठाऊक होतं. पण वर्षभरानं एका सरांनी विचारलं, 'बाई, पोरांसमोर बसाल का? नुसतं बसायचं.' त्या बसल्या. लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मग शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी दहा दिवस त्या पाठमोऱ्या बसल्या, पदर कमरेला खोचून, पाठ उघडी टाकून. सरांनी त्यांच्या पावलांभोवती खडूनं रेघा मारल्या, म्हणजे सुट्टीनंतर पावलं पुन्हा तिथंच पडावीत. पोरं चहाला गेली तरी सिंधूताई चित्रांच्या स्टँडांमागं कधी फिरकल्या नाहीत. आपलं काय काढलंय हे बघायची हिंमत झाली नाही, आणि आता त्याचीच भीती वाटत होती. तोंड भिंतीकडे होतं, ते कोणी काढलं नसणार. पण पाठ माणसाला स्वतःची दिसत नाही.

पाठीवर डाव्या बाजूला पळसाच्या पानाएवढा डाग होता. स्टोव्हचा भडका उडाला तेव्हा संघपालला उचलताना त्या भाजल्या होत्या. थंडीत डाग खाजे, आणि लहानपणी संघपालच त्याला खोबरेल लावून देई. तो डाग त्यानं काढला असता, डोळे मिटून.

तोच संघपाल आता शाळेत मास्तर होता, विहाराच्या कमिटीचा सचिव होता. रोशनीच्या प्रवेशाच्या वेळी जेवताना म्हणाला होता, "तिथं बाया पैशासाठी उघड्या बसतात म्हणे. त्यायच्या घरच्यायले लाज नसंन वाटत?" सिंधूताई पाणी आणायला उठल्या होत्या आणि माठापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या.

शनिवारी त्या रोशनीबरोबर सकाळीच निघाल्या. संघपालच्या आधी एकदा बघून घ्यायचं होतं. बघून करायचं काय, हे त्यांनाही सुचलं नव्हतं. ऑटो सक्करदऱ्याच्या तलावावरून गेला तेव्हा रोशनी म्हणाली, "आजी, तुझे हात किती गार पडले वं!"

"थंडी हाय," त्या म्हणाल्या आणि शाल पाठीवरून घट्ट ओढली.

हॉलात त्या भिंतीभिंतीनं चालल्या. डोंगर, बैल, बाजार. मग कोपऱ्यातल्या भिंतीवर पाच पाठी. पाच पोरांनी पाच बाजूंनी काढलेली एकच पाठ. खाली लिहिलं होतं, 'पाठमोरी बसलेली बाई, १९८७'.

पहिल्या पाठीवर डाग नव्हता. दुसऱ्या, तिसऱ्यावरही नव्हता. नव्यानं सारवलेल्या भिंतीसारख्या स्वच्छ पाठी. चौथी तर कोणा वेगळ्याच, भरल्या अंगाच्या बाईची वाटत होती. सिंधूताईंचा श्वास खाली बसू लागला. पोरांनी दया केली, असं त्यांना वाटलं.

पाचवीवर डाग होता. आताचा काळपट नाही. लाल, ओला, कडा उचललेला.

त्यांनी दाराकडे बघितलं. दारातून संघपाल आत येत होता. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा त्या विसरल्याच होत्या. मागून काठी टेकत विहारातले नानाजी. दोघं आधी रोशनीच्या चित्राकडे वळले. आता रोशनीला हाक मारावी, चक्कर येते म्हणावं, सगळ्यांना घरी न्यावं. पण पाय उचलेनात.

तेवढ्यात रोशनीची मैत्रीण हर्षा चार पाहुण्यांना घेऊन त्या भिंतीपाशी आली. हातानं दाखवत सांगू लागली, "पाचही चित्रांत खांदा एका बाजूला झुकलाय बघा. मॉडेल थकून कलली आहे. तो थकवा पोरांनी छान पकडलाय."

"थकली नव्हती वं," सिंधूताई म्हणाल्या. "स्टुलाचा एक पाय आखूड होता. खाली पुठ्ठा ठेवत, तो सरकून जाये."

हर्षा हसली. "तुम्हाला कसं माहीत, आजी?"

अडतीस वर्षं जपलेली गोष्ट अशी गेली. बाकी काहीही ऐकून घेतलं असतं, पण आपण थकून कललो हे त्यांना ऐकवेना. त्यांनी वळून बघितलं. संघपाल मागेच उभा होता. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, पाचव्या चित्राकडे बघत होता. त्याचा जबडा आवळला होता. वर्गात पोराला मारण्याआधी आवळतो तसा, सिंधूताईंना वाटलं.

रोशनीनं आजीकडे बघितलं, मग बापाकडे, आणि हर्षाला दंडाला धरून पाहुण्यांसकट पुढं नेलं.

नानाजी काठी टेकत आले. "काय हाय गा इथं? सरक, पाहू दे."

संघपाल सरकला नाही. उलट दोन पावलं पुढं जाऊन चित्राकडे पाठ करून उभा राहिला.

"काही नाही नानाजी. अधुरं हाय."

"अधुरं तं अधुरं. तू काय काचेचा हायस, का मले आरपार दिसंन?"

"तिकडं बैल हायेत, ते पाहा. खिल्लारी."

"बैल मी रोज पाहतो बाप्पा," नानाजी कुरकुरत गेले.

संघपाल तसाच उभा. लाजेनं झाकतोय की कशानं, सिंधूताईंना कळेना. त्याच्या तोंडावर काही वाचता येत नव्हतं. घरी गेल्यावर हा काय बोलेल? की बोलणारच नाही, जन्मभर? त्या भिंतीला टेकल्या.

तो खाली फरशीकडे बघत म्हणाला, "लाल हाय माय. म्हणजे तेव्हा भाजलेलं ताजंच होतं."

त्यांनी मान हलवली.

"दुखत नव्हतं?"

"बसल्यावर नाही. हाललं का दुखे."

तो जागचा हलला नाही. लोक येत होते, त्याला बघून चौथ्या चित्रावरूनच परत फिरत होते. सिंधूताई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. भीती अजून होतीच. बैलांपाशी नानाजी कोणाशी तरी वाद घालत होते, त्यांचा आवाज हॉलभर ऐकू येत होता. सिंधूताईंनी पदर सारखा केला.

"नानाजीयले चहा पाज रे," त्या म्हणाल्या. "बिनसाखरेचा सांगजो."