घरी जाणाऱ्या बायका आधी

तीन-चार वर्षांपूर्वी मी नगरमधल्या एका मोठ्या रुग्णालयात बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. थंडीच्या दिवसांत खाटा कधीच पुरायच्या नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये दोन-तीन ट्रॉल्या कायम उभ्या असत आणि त्यांवर ॲडमिट झालेल्या, पण खाट न मिळालेल्या बायका पडून असत. त्याची मला इतकी सवय झाली होती, की त्यात काही वावगं आहे असं वाटेनासंच झालं होतं.

एके दिवशी दुपारी बाराच्या सुमारास कॅज्युअल्टीतून एक ऊसतोडणीवाली बाई वर आली. मूळची पाथर्डीकडची, टोळीबरोबर श्रीगोंद्याच्या बाजूला तोडीला आलेली. न्यूमोनिया झाला होता. दोन शब्द बोलली की दम लागायचा. नवरा तिच्या चपला हातात धरून ट्रॉलीमागं चालत आला. तिला पॅसेजमध्ये ठेवून आम्ही शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर लावला.

"ताई, खाट कवा मिळंल?" त्यानं विचारलं.

"एक आजी घरी जायच्यात. त्या गेल्या की लगेच."

त्या आजी पुणतांब्याच्या. दाराजवळच्या खाटेवर सकाळी नऊपासून लुगडं नीट नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. राउंडच्या वेळी डॉक्टरांनी "आजी, आज सुट्टी" असं सांगून टाकलं होतं. पण डिस्चार्ज कार्ड लिहिणारे शिकाऊ डॉक्टर ओपीडीत अडकले होते. कार्डाशिवाय औषधं मिळत नव्हती. मुलाला फोनच सकाळी दहानंतर गेला होता, त्यामुळे तो अजून वाटेत होता. म्हणजे आजी बऱ्या होत्या, घरी जायला तयार होत्या आणि तरी खाट अडलेली होती.

एकच्या सुमारास वॉर्डातल्या मावशींनी मला हाक मारली. "सिस्टर, सिलिंडरचा काटा लई खाली आलाय."

मी धावले. दुसरा सिलिंडर आणायला माणूस स्टोअरला गेला होता, तो आलेला नव्हता. त्या बाईचे ओठ काळपट दिसत होते. भिंतीतल्या नळीतून येणारा ऑक्सिजन वॉर्डात, प्रत्येक खाटेशी होता, पॅसेजमध्ये नव्हता. कुठली खाट मोकळी करावी, या विचारात मी दारात उभी होते, तेवढ्यात आजी उठल्या.

"तिला माजी खाट द्या. मी बसते खुर्चीवर."

"आजी, तुमचे कागद अजून व्हायचेत," मी सवयीनं बोलून गेले.

"कागद निजतो व्हय खाटंवर?"

मावशींनी चादर बदलली, आम्ही दोघींनी आणि नवऱ्यानं मिळून तिला खाटेवर घेतलं आणि भिंतीचा ऑक्सिजन लावला. अर्ध्या तासात तिच्या ओठांवर रंग आला. नवरा अजून चपला धरूनच उभा होता. "खाली ठेवा त्या," मी म्हणाले, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. मग मी ड्युटी रूममध्ये जाऊन आजींचा केसपेपर काढला: सुट्टी सकाळी नऊलाच सांगितली होती, आता दीड वाजून गेला होता.

पुढचा आठवडाभर मी एका कागदावर लिहीत गेले: कुणाला किती वाजता सुट्टी सांगितली आणि खाट खरोखर किती वाजता मोकळी झाली. सकाळी साडेनऊला सुट्टी सांगितलेली बाई दुपारी चारला निघत होती. तो कागद मी वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरांपुढं ठेवला आणि म्हणाले, "सर, राउंड घरी जाणाऱ्या बायकांपासून सुरू करू या."

"सिस्टर, राउंड पहिल्या खाटेपासून होतो. सगळीकडे तसाच होतो." पण कागद त्यांनी वाचला. "यात उशीर कुणाचा?"

"थोडा सगळ्यांचा. माझाही. घरी जाणारी बाई ओरडत नाही, म्हणून तिचं काम मी शेवटी घेते."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "उद्यापासून बघू."

उद्या कोण घरी जाईल हे आम्ही आदल्या संध्याकाळीच ठरवायला लागलो. कार्ड तेव्हाच लिहून ठेवायचं, नातेवाइकांना तेव्हाच कळवायचं. सकाळी राउंड त्या बायकांपासून. सुरुवातीला फजितीही झाली. एकीला सकाळी पुन्हा ताप भरला आणि तिला न्यायला टेम्पो घेऊन आलेल्या दिरानं आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून आम्ही "बहुतेक उद्या" असं सांगू लागलो. शिकाऊ डॉक्टर संध्याकाळच्या लिखाणावर कुरकुरले, मग रुळले. मला मात्र एक सुख अवचित मिळालं. गोळ्या कधी, किती घ्यायच्या हे शांतपणे बसून सांगता येऊ लागलं.

ती ऊसतोडणीवाली बाई या नव्या पद्धतीनं घरी गेलेल्या पहिल्या काही जणींतली. सकाळी दहाला स्वतःच्या पायांनी जिना उतरली. जाताना मला म्हणाली, "त्या म्हातारीला सांगा, मी बरी झाले." आजींच्या मुलाचा नंबर केसपेपरवर होता. मी फोन लावून निरोप दिला. पलीकडून आजीच बोलल्या, "जेवती का पोटभर?" जेवते म्हटलं, तर "मग झालं," म्हणाल्या.

महिनाभरानं एका दुपारी वॉर्डबाहेर आले तर पॅसेज रिकामा. मी मावशींना विचारलं, "ट्रॉल्या कुठं गेल्या?"

"खाली न्हेल्या. हितं कुनी न्हाई आज."

मी तरी जिन्यापर्यंत जाऊन पाहून आले. मग डॉक्टरांना फोन केला.

"सर, पॅसेजमध्ये कुणी नाही."

"बरं. मग? काही अडचण?"

"काही नाही सर. एवढंच सांगायचं होतं."