सहीबाईचे भावजी

वॉर्डात तिला सगळे सहीबाई म्हणायचे, आणि त्यात लाडाचा भाग काडीचाही नव्हता. लिव्हरचे आणि स्वादुपिंडाचे पेशंट ठेवायचा तो वॉर्ड. एका बाजूला पिवळ्या डोळ्यांची, पोटाचा नगारा आणि हातापायांच्या काड्या झालेली माणसं. दुसऱ्या बाजूला स्वादुपिंड सुजलेली, उशी पोटाशी आवळून वाकून बसलेली, कारण आडवं झालं की कळ पाठीतून आरपार जायची. सहीबाई या सगळ्यांमधून फिरायची ती संशोधनासाठी. मोठ्या डॉक्टरांनी एखादं नवं औषध तपासायला घेतलं की त्यासाठी पेशंट शोधायचे, त्यांना सगळं समजावून सांगायचं, सही घ्यायची, आणि घरी गेल्यावरही पुढच्या तपासण्यांसाठी त्यांचा पिच्छा सोडायचा नाही, हे तिचं काम.

पूर्वी ती त्याच वॉर्डात साधी नर्स होती. एका अवजड पेशंटला एकटीने उचलताना तिची पाठ गेली ती कायमची, म्हणून ती या कामावर आली. बाकीच्या नर्सना मात्र ती पळवाट काढून बसली असंच वाटायचं. थोरल्या सिस्टर तर तोंडावर म्हणायच्या की घाण आम्ही काढायची आणि ही आपली दोन बाटल्या रक्त घेऊन चालती होणार. पेशंटच्या नातेवाइकांचं आणखी वेगळं. आमच्या माणसाचा उंदीर करताय का, असं तिला इतक्यांदा ऐकावं लागलं होतं की आता ती पापणीही हलवायची नाही. तिला गोड बोलता यायचंच नाही. औषधाने काय बरं होऊ शकतं हे ज्या सुरात सांगायची, त्याच सुरात काय बिघडू शकतं तेही सांगायची. एकदा एका म्हाताऱ्याने पाण्याचा पेला तिच्या अंगावर भिरकावला. तिने चष्मा पुसला आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

अशा या वॉर्डात एके सकाळी तिचे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, येऊन पडले.

ताई तिच्यापेक्षा बरीच मोठी. आई गेल्यावर ताईनेच तिला आपल्या सासरी नेऊन शिकवलं. ताई घरी पडदे शिवायची, भावजी छापखान्यात मशीन चालवायचे. गल्लीत भावजींसारखा माणूस नाही असा त्यांचा लौकिक. कोणाचं प्रेत उचलायचं असो की कोणाचं कपाट, भावजी पुढे. घरात मात्र दार लागलं की वेगळा माणूस. शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं म्हणून त्यांनी ताईला केसांना धरून शिलाई मशीनवरून खेचलेलं सहीबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळी तेच भावजी ताईच्या हातात चहाचा कप आणून देत. ताईचं एकच पालुपद असायचं, ते वाईट नाहीत गं, ती दारू वाईट. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका संध्याकाळी सहीबाईला राहवलं नाही आणि तिने पोलीस बोलावले. हवालदारासमोर ताईने ओठातलं रक्त पदराला पुसलं आणि सांगितलं की बहीण खोटं बोलते, ती आमच्यावर जळते. त्याच दिवशी सहीबाईने आपली पिशवी उचलली. तेव्हापासून दोघी बहिणींनी एकमेकींचं नावही टाकलं होतं.

आता भावजी पलंगावर होते. डोळे हळदीसारखे, पोट ताणून तुकतुकीत झालेलं, पुढे धरलेले हात पंख्यासारखे फडफडणारे. केस मात्र याही अवस्थेत नीट विंचरलेले. दारूने सुजलेल्या लिव्हरसाठी मोठ्या डॉक्टरांनी जे नवं औषध तपासायला घेतलं होतं, त्याला हवा तसाच हा पेशंट. सहीबाई सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली की हे माझ्या बहिणीचे यजमान आहेत आणि मला यांचं तोंडही पाहायचं नाही, तेव्हा मी यांची सही घेणं बरोबर नाही. डॉक्टरांना ते पटलं. त्यांनी हाताखालच्या डॉक्टरला पाठवलं. भावजींनी त्याला हसून परत पाठवलं. मेहुणी याच वॉर्डात आहे ना, मग तिने यावं, ती वाचून दाखवेल तर विचार करू, असं त्यांचं म्हणणं. पेशंट हातचा जायला नको म्हणून शेवटी असं ठरलं की हाताखालचे डॉक्टर शेजारी उभे राहतील आणि वाचेल ती.

ती उभी राहिली आणि वाचू लागली. भावजी मध्येच डोळे मिटत, मग ऐकू आलं नाही म्हणत आणि तेच पान पुन्हा वाचायला लावत. ताई पलंगाच्या पलीकडे खाली मान घालून बसली होती. निम्म्या पेशंटना खरं औषध मिळेल आणि निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं सलाइन, कोणाला काय ते पेशंटला कळणार नाही आणि वॉर्डातल्याही कोणाला नाही, इथपर्यंत ती आली तेव्हा भावजींनी डोळे उघडले.

"मला यातलं कुठलं मिळणार?"

"मला माहीत नाही, भावजी."

"आणि माहीत असतं तर?"

शेजारचे डॉक्टर चुळबुळले. सहीबाईने हातातला कागद खाली घेतला.

"माहीत असतं तर तुम्हाला नुसतं पाणी मिळावं असं मला वाटलं असतं. म्हणूनच आम्हाला कळू देत नाहीत."

 भावजींनी हात पुढे केला आणि पेन मागितलं. सही वेडीवाकडी झाली, पण झाली.

ते वाक्य त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. संध्याकाळपर्यंत ते पलंगापलंगावर पोचलं होतं, आणि दर पलंगाला त्यात थोडी भर पडत गेली. ताईने तिला जिन्याजवळ, औषधांच्या ढकलगाडीपाशी गाठलं. इतक्या वर्षांनी बोललेला पहिला शब्द म्हणजे शिवी होती. तू त्यांना मारायला टपली आहेस, लहानपणी तुला माझ्या ताटातलं भरवलं त्याचे हे पांग फेडतेस, मुद्दाम तू त्यांना पाण्याची बाटली लावणार. सहीबाईने सांगून पाहिलं की बाटल्या तळघरातल्या औषधखोलीतून येतात, काळ्या पिशवीत गुंडाळून, वर फक्त नंबर असतो. ताईने ते ऐकलंच नाही.

"तू तसं बोललीस की नाही?"

"बोलले."

"मग झालं तर."

मोठ्या डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. पेशंटसमोर असं बोलायचं असतं का, उद्या वर कोणी तक्रार केली तर अख्खं संशोधन बंद पडेल, एवढीही अक्कल नसेल तर कशाला ठेवलंय तुला. भावजींच्या तपासण्या तिच्याकडून काढून हाताखालच्या डॉक्टरांकडे दिल्या. नर्सच्या खोलीत त्या आठवड्यात ती आली की गप्पा थांबायच्या आणि ती बाहेर पडली की हसू फुटायचं.

आणि भावजी सुधारू लागले. औषधाने म्हणा, की दारूचा थेंब न मिळाल्याने म्हणा, डोळ्यांतला पिवळेपणा उतरला, पोटातलं पाणी आटलं, फडफडणारे हात स्थिर झाले. कागदावर विखुरलेले आकडे रेघेने क्रमाने जोडायची एक चाचणी असते, डोकं किती साफ चालतंय ते त्यावरून कळतं. सुरुवातीला पाचाच्या पुढे त्यांची गाडी सरकत नव्हती, आता ते झरझर शेवट गाठून पेन खाली ठेवायचे. घरी जाताना त्यांनी प्रत्येक नर्सचे हात जोडून आभार मानले. थोरल्या सिस्टर म्हणाल्या की इतका सभ्य पेशंट पुष्कळ दिवसांत पाहिला नाही, आणि सहीबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढे म्हणाल्या, काहींना मात्र तो मेलेला बघायचा होता.

हाताखालच्या डॉक्टरांची लवकरच दुसरीकडे बदली झाली. पुढच्या तपासण्यांना माणूस नव्हता. नाइलाजाने ते काम पुन्हा सहीबाईच्या गळ्यात पडलं. पहिल्या खेपेला भावजी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. ताई सोबत, मान ताठ, बहिणीच्या आरपार पाहणारी. दुसऱ्या खेपेला ताईचा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये होता. सहीबाईने काही विचारायच्या आतच ताई म्हणाली, परवा मोरीत पाय घसरला.

 भावजी पुन्हा प्यायला लागले, हे सहीबाईने मनाशी पक्कं केलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात एक कडू समाधानही वाटलं. दोन-तीन दिवसांमागची दारूही आता लघवीच्या तपासणीत निघेल, मोठ्या डॉक्टरांच्या लाडक्या पेशंटचं पितळ उघडं पडेल. तपासणी आली ती स्वच्छ. श्वासाची स्वच्छ. तिने नमुना पुन्हा पाठवला. पुन्हा स्वच्छ. मोठे डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले आणि म्हणाले की असे पेशंट मिळाले तर आपलं काम सोन्याचं होईल.

ती रिपोर्ट हातात धरून खुर्चीत बसली. ज्या दारूवर ताईने सगळा संसार ढकलला होता, ती या घरातून कधीच बाहेर गेली होती. हात मोडला होता तो शुद्धीतल्या माणसाने.

भावजी सोनोग्राफीला आत गेले तशी ती बाहेरच्या बाकावर ताईशेजारी जाऊन बसली.

"त्यांच्या तपासण्या स्वच्छ आल्यात."

"मला काय सांगतेस. मी घरात बघते ना. थेंब घेत नाहीत ते."

"तेच सांगतेय मी."

ताईने प्लास्टरचा हात मांडीवरून उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू तो आक्रसत गेला.

"तुला काय मिळतं गं हे बोलून?" ती म्हणाली, आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सुटीच्या दिवशी दुपारी, सहीबाईच्या दारापुढे ताई उभी होती. पायाशी कपड्यांची बॅग, शेजारी जुन्या पडद्यात गुंडाळलेलं शिलाई मशीनचं डोकं. एका हाताने तिने ते तीन जिने कसं चढवलं ते तिचं तिलाच माहीत. सहीबाई बॅग घ्यायला वाकली तर ताईने ती मागे ओढली.

"आधी निदान मला स्वतःला सांगायला काहीतरी होतं," ती म्हणाली. "तेही तू काढून घेतलंस."

एवढं बोलून ती आत आली.

दोघींचं राहणं म्हणजे रोजची धुसफूस. ताईला भांडी घासलेली पसंत पडायची नाहीत, सहीबाईला भल्या सकाळी होणारी मशीनची खडखड. खोलीतल्या एकुलत्या एक खिडकीवरूनही त्यांचं वाजायचं. शेजारणींना ताई सांगायची की हात बरा होईपर्यंत आले आहे, बहिणीच्या हौसेखातर कोण राहतंय इथे.

भावजींची पुढच्या तपासणीची तारीख आली, आणि ते आले. एकटे. दाढी गुळगुळीत, डोळे पांढरेशुभ्र. सहीबाईने रक्त घ्यायच्या बाटल्या मांडल्या होत्या. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं की ताई कुठे आहे.

"माझ्याकडे आहे. ती येणार नाही."

"तुला कोणी विचारलं येणार की नाही ते? कुठे आहे एवढंच विचारलं."

"ते सांगितलं मी, भावजी. हात पुढे करा, रक्त घ्यायचंय."

त्यांनी हात पुढे केला तो तिच्या मनगटावर. दुसऱ्या हाताने टेबलावरच्या बाटल्या झाडून टाकल्या. आवाज चढला नाही त्यांचा, हेच सहीबाईला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. अगदी शांतपणे ते तिचं मनगट पिळत होते आणि सांगत होते की संध्याकाळपर्यंत बायको घरी पोचली पाहिजे. काचेचा आवाज ऐकून थोरल्या सिस्टर पडदा सारून आत आल्या. त्यांनी आधी भावजींकडे पाहिलं, मग त्या मनगटाकडे, आणि रखवालदाराला हाक मारली. भावजींनी लगेच हात सोडला, चेहऱ्यावर ते जुनं हसू आणलं आणि म्हणाले की घरचा मामला आहे, सिस्टर.

"वॉर्डात घरचं काही नसतं," सिस्टर म्हणाल्या. "बाहेर व्हा."

रखवालदार त्यांना जिन्यापर्यंत नेऊन आला. सहीबाईला आभार मानावेसे वाटले, पण तिने तोंड उघडायच्या आत सिस्टरनी जमिनीकडे बोट दाखवलं.

"काच तूच उचल. माझ्या मुली उचलणार नाहीत."

भावजी पुन्हा आले नाहीत. मोठे डॉक्टर चिडले. एवढा चांगला पेशंट अर्ध्यावर गळाला म्हणजे काय, तू स्वतः फोन करून समजूत काढ त्यांची, असं त्यांनी फर्मावलं. सहीबाई नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा नाही म्हणाली आणि मनगटावरचे निळे वळ त्यांच्यापुढे धरले. डॉक्टरांनी ते पाहिले आणि तोंड फिरवून कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले की ठीक आहे, स्वतःहून बाहेर पडले असं लिही. तिला कामावरून काढायचं त्यांच्या मनात होतं असं पुढे कानावर आलं. पण ते काम घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

भावजींनी मनगट पिळलं त्या दिवशी घरी गेल्यावर तिने ताईला काही सांगितलं नव्हतं. ताईने ताट वाढताना वळ पाहिले. तिने वाढणं थांबवलं, मग भाताचा डाव पुन्हा पातेल्यात घातला.

"प्यायले होते?" तिने विचारलं.

"नाही."

ताई जेवायला बसली. त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तिचं प्लास्टर कधीच निघालं. हात अजून थंडीत दुखतो, पण कात्री चालते. जायचं आहे असं ती शेजारणींना अजूनही सांगते. मशीन मात्र तिने खिडकीखाली पक्कं बसवून घेतलंय, आणि सहीबाईला कपडे वाळत घालायला आता तिथे जागा उरलेली नाही.