दुसरी बिडी

निलंग्याच्या आसपास गुरुपादप्पाच्या हातच्या एकतीस विहिरी होत्या. कुठली कुणाच्या शेतात आणि किती हातांवर पाणी लागलं, हे त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला, शरणम्माला, जास्त पाठ होतं. माती कुणीही उपसायचं; काळा खडक लागला की गुरुपादप्पाला बोलावणं यायचं. पहारीने भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात सोडायची, ती पेटवून दोरावरून वर यायचं आणि मग सुरुंग उडायचा. वर दोर धरायला दगडोबा असायचा. वीस वर्षं दोघांची जोडी होती.

वात मात्र गुरुपादप्पा ओठांतल्या बिडीनेच पेटवायचा. कमरेला दारूची थैली आणि तोंडात विस्तव. गावाला ते पाहून मौज वाटायची, शरणम्मा रोज टोकायची.

“काडेपेटी काय महाग झाली व्हय?” ती म्हणायची.

“काडी वाऱ्यानं विझती. ही न्हाई विझत. अन् ही बिडी न्हाई गं, माझं घड्याळ हाय.”

“घड्याळ कुणी तोंडात धरतंय व्हय?”

“ज्याला मनगट मोकळं लागतं तो धरतो.”

घड्याळाची गोष्ट खरी होती. वर आल्यावर तीच बिडी तो काठावर बसून संपवायचा. ती संपायच्या आत सुरुंग उडाला तर ठीक. नाही उडाला, मुका राहिला, तर तो दुसरी पेटवायचा. दुसरी विझेपर्यंत स्वतः उतरायचा नाही, कुणाला उतरू द्यायचा नाही.

निजामाच्या फसली सनाच्या तेराशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात औरादकडच्या एका सुरुंगवाल्याचे दोन्ही हात गेले. चिलमीची ठिणगी दारूत पडली होती. शरणम्मा त्याला बघून आली आणि दोन दिवस जेवली नाही. अक्षय्य तृतीयेला पूजा झाल्यावर तिने नवऱ्याला त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग हातात घ्यायला लावलं. “म्हणा, आजपासून बिडी न्हाई.” तो आधी हसला. मग तिचं तोंड बघून हसू आवरलं आणि त्याने शब्द दिला. उरलेल्या बिड्यांची जुडी कोनाड्यात ठेवून दिली. आठ दिवस त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवणावर नुसती चिडचिड करायचा. तेवढं ती सोसायला तयार होती.

नवव्या दिवशी दुपारी, पाटील हणमंतरावांच्या विहिरीत, सुरुंग उडाला तेव्हा गुरुपादप्पा त्याच्यावर वाकलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातला कारकून पंचनाम्याला आला. ओट्यावर पाटील आणि पंच बसले, दगडोबा खांबाला टेकून उभा राहिला. शरणम्मा दाराच्या आत, पदर ओढून. बाहेरचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

“बिडीनंच घात केला,” एक पंच म्हणाला.

“अहो, कमरेला दारू अन् तोंडात इस्तू. आज ना उद्या व्हनारच होतं,” दुसरा म्हणाला.

कारकुनाने दगडोबाला विचारलं, “क्यों जी, आदत थी उसको?”

“व्हती, साहेब,” दगडोबा खाली बघून म्हणाला. कारकुनाने बिडीची ओळ लिहून घेतली.

हणमंतराव दाराकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “शरणम्मा, तू का कमी सांगितलंस, बाई? अख्ख्या गावाला ठाऊक हाय. तुझ्याकडं बोट न्हाई कुणाचं.”

ते बोलणं मायेचं होतं. तिला तेच सोसलं नाही. काल दुपारपासून एक प्रश्न तिच्या मनात होता आणि तो विचारला तर उत्तर काय येईल, हे ती जाणून होती. गप्प बसलं तर बिडी दोषी, नवरा दोषी, आणि ती मात्र वेळेवर सावध करणारी शहाणी बायको. तिने उंबरा ओलांडला.

“दगडोबा, सुरुंग मुका राहिल्यावर किती येळ थांबले व्हते?”

दगडोबाने पाटलांकडे पाहिलं.

“वीस वर्षं त्यांचा दोर धरलास. सांग.”

“थांबलेच न्हाईत, वैनी,” तो म्हणाला. “काडीनं वात लावली, वर आले. हाताला चाळाच न्हाई. बसले, उठले, परत बसले. मी म्हनलो, थांबा. म्हनले, लई येळ झाला, वात विझली आसंल. येळ झालाच नव्हता.”

“लिखूं क्या?” कारकून म्हणाला. “मौत का सबब?”

“सबब सांगत न्हाई मी, साहेब. खरं सांगते,” शरणम्मा म्हणाली. काम चुकवायला माणूस सांगतो ती सबब, एवढंच तिला ठाऊक होतं.

“तसं न्हाई,” हणमंतराव म्हणाले, “त्यांच्या भाषेत सबब म्हंजे कारण.”

“मग कारण लिवा. बिडी सुटून आठ दिवस झाले व्हते. लिंगावर हात ठिवून मीच सोडवली. सवय रोजची व्हती. रोजच्या बिडीनं मरायचे तर वीस वर्षांत कवाच मेले असते. काल बिडी असती तर दोन संपूस्तोवर उतरले नसते.”

कारकुनाने टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. बिडी प्यायल्याने मेला, असं लिहिता येतं. न प्यायल्याने मेला, हे कुठल्या खान्यात लिहायचं?

“माँजी, औरादवाल्याचे हात गेले ते बिडीनंच ना?” त्याने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं.

“चिलमीनं गेले. ते बी खरं हाय,” ती म्हणाली. “म्हनून तर आण घातली.”

शेवटी त्याने आधीची ओळ खोडली, ‘सुरुंग देर से फटा’ एवढंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात बिडीही नव्हती, तीही नव्हती. शरणम्माने अंगठा उठवला. मग मंडळी मातीच्या तयारीला लागली.

महिन्याने, मृगाच्या तोंडावर, दगडोबा आला. पाटलांची विहीर अर्धी पडून होती. आता खाली तो उतरणार होता, वर त्याचा भाऊ दोर धरणार होता. तो सांगायला आला की परवानगी मागायला, हे त्याचं त्यालाही उमगत नव्हतं.

शरणम्मा आत गेली आणि कोनाड्यातली जुडी घेऊन आली.

“मी वढत न्हाई, वैनी.”

“ठाऊक हाय. वढूच नको. वात काडीनं लाव, वर ये, ही पेटव अन् दारूपासून लांब दगडावर ठिव. विझली तर परत पेटव. मुका राहिला तर दुसरी पेटव. ती जळून राख हूस्तोवर खाली बघू सुदिक नको.”

दगडोबाने जुडी घेतली. अशी विझत-पेटत जळणारी बिडी ओढलेल्या बिडीपेक्षा जास्त वेळ पुरते, हे त्याच्या ध्यानात आलं.

“अन् बिड्या सरल्या की?” त्याने विचारलं.

“माझ्याकडं ये,” शरणम्मा म्हणाली. “मी आनून ठिवीन.”