पाचवा मेंढा

आमचं शेवटचं बोलणं झालं ते मिठावरून. इतकी वर्षं संसार केल्यावर वाटतं, निरोपाचं काहीतरी बोलणं होईल, हातात हात घेऊन... कसलं काय! ह्यांना आवडतं म्हणून टोमॅटोचं सार केलं होतं. चमच्याने ओठांना लावलं. जरा वेळ डोळे मिटून चव घेतली आणि म्हणाले, "सहा वाजता." घरी येणाऱ्या नर्सने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, मीठ कमी आहे म्हणतायत. ती हसली, मीही हसले. मग ह्यांना झोप लागली, ती लागलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी, मार्चमधल्या त्या आमच्या बॉथेल गावच्या भुरभुर पावसात, सगळं संपलं.

सहा वाजता म्हणजे काय, ते सांगायचं तर बंदुकीपासून सुरुवात करायला हवी. हो, बंदूकच. आमच्या मराठी मंडळात अजूनही कितीतरी जणांना हे ठाऊक नाही. त्यांना माझा नवरा माहीत आहे तो पुलांची डिझाइनं करणारा, गणपतीत आरती म्हणताना हमखास कडवं गाळणारा, निरुपद्रवी माणूस.

२००१ च्या सुरुवातीला हे रिटायर झाले आणि माझ्या डोक्यावर येऊन बसले. माझं मसाल्याचं कपाट लावून दिलं, तेही उंचीप्रमाणे! हिंग सापडेना, हळद सापडेना. शेवटी शेजारचा बॉब देवासारखा धावून आला. स्कूलबस चालवून रिटायर झालेला, अगडबंब, बोलायला गोड. तो ह्यांना एका रविवारी आपल्या रायफल क्लबवर घेऊन गेला. संध्याकाळी हे परत आले ते नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा चेहरा घेऊन. म्हणे, जुन्या पद्धतीची रायफल असते. खालची लिव्हर पुढे ढकलायची, मागे ओढायची, की पुढची गोळी तयार. समोर लोखंडी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि सगळ्यात लांब मेंढे. ते पाडायचे.

"अहो, जन्मात कधी अंडं फोडलं नाहीत, आणि आता कोंबड्या मारणार?"

"लोखंडाच्या आहेत गं. उपासालाही चालतील."

मला हसू आलं, पण राग जाईना. घरात बंदूक म्हणजे काय! त्यात त्या सप्टेंबरनंतर तर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्यासारख्या चेहऱ्यांकडे लोक वळून वळून बघत होते. दाढी वाढवू नका, विमानतळावर मोठ्याने मराठी बोलू नका, असं आम्ही एकमेकांना फोन करून सांगत होतो, आणि आमचे हे डिकीत रायफल टाकून रविवारचे निघालेले. मी भांड भांड भांडले. हे शांतपणे म्हणाले, "मग तू चल बरोबर." नुसतं लक्ष ठेवायला म्हणून मी गेले, आणि अडकले.

त्या खेळात प्रत्येक शूटरच्या मागे एक माणूस उभा राहू शकतो. तिवईवरच्या दुर्बिणीतून त्याने बघायचं आणि गोळी कुठे गेली ते सांगायचं. त्याला म्हणतात स्पॉटर. शूटरला स्वतःला कळत नाही. रायफल उडते, धूर असतो, मेंढा त्या टोकाला. मग दिशा घड्याळावर सांगतात. वर गेली तर बारा, खाली गेली तर सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. आधी बॉब हे काम करायचा. पण हे मला म्हणाले, "बॉबचा उपयोग नाही. मला बरं वाटावं म्हणून तो प्रत्येक वेळी 'व्हेरी क्लोज' म्हणतो. तू उभी राहा. माझं चुकलेलं सांगायला तुला कधी संकोच वाटलाय?" माणसाने बायकोचं इतकं खरं वर्णन केलं की रागवायची सोयच राहत नाही.

मग वर्षानुवर्षं आमचे रविवार तसेच गेले. थर्मासमध्ये चहा, डब्यात मेथीचे ठेपले, कानांवर ते आवाज अडवणारे मोठे मफ. हे उभे राहायचे. ह्या खेळात टेकायला काही नसतं, आपले दोन पाय आणि आपला श्वास. गोळी सुटायची आणि मागे वळूनही न बघता हे विचारायचे, "कुठे?" मी ओरडायचे, "नऊ वाजता, वीतभर बाहेर." हे खांदा जरा हलवायचे आणि पुढची गोळी. आजूबाजूचे गोरे आजोबा आमचं मराठी ऐकून खूश असायचे. बॉबला तर एक ते बारा आकडे पाठ झाले. पुढे ते घरातही शिरलं. आमटीत मीठ जास्त झालं की हे म्हणायचे, "बारा वाजता." मंडळात मी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाडीत बसल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं की हे म्हणायचे, "चांगलं झालं, पण शेवटी तीन वाजता गेलीस, विषय सोडून." मी फणफणायचे. मनातून मात्र माहीत असायचं, बरोबर आहे.

ह्यांचा एकच ध्यास होता, पाच मेंढे. ओळीने पाच उभे असतात, डावीकडून एकेक पाडत जायचं. पाचही पडले की क्लब टोपीला लावायला एक छोटीशी पिन देतो. बॉबच्या टोपीवर होती. ह्यांचे चार पडायचे. पाचव्याला कधी गोळी लागायचीच नाही, कधी ठण्णकन वाजायची, मेंढा डुलायचा आणि पुन्हा उभा. लागून पडला नाही तर धरत नाहीत. मी म्हणायचे, चला, मी चांदीची पिन करून देते. तर म्हणायचे, "तू काहीही करून देशील गं, म्हणून तर नको."

एका ऑगस्टमध्ये मात्र चार मेंढे असे पडले की ओळीवरचे बाकीचे लोक बोलायचे थांबले. ह्यांचा श्वास मला मागून दिसत होता. पाचवी गोळी सुटली, आणि पाचवा मेंढा पडला! मागे एकच ओरडा झाला. कुणीतरी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे मात्र तसेच समोर बघत उभे, आणि विचारलं, "कुठे?"

मी दुर्बिणीतून बघितलं होतं. ह्यांची गोळी मेंढ्याच्या डावीकडे, मागच्या मातीत गेली होती. धूळ उडालेली मला स्वच्छ दिसली. मेंढा पडला तो शेजारच्या ओळीवर मारणाऱ्या बॉबच्या गोळीने. गडबडीत तो स्वतःचा मेंढा सोडून ह्यांच्या मेंढ्यावर मारून बसला होता. त्या खेळात असं होतं कधीकधी. दोन्ही बार एकदम झाले होते. बॉबलाही पत्ता नव्हता. त्या मैदानावर फक्त मला माहीत होतं.

एवढी वर्षं वाट बघितलेली पिन... हो म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण हे वाट बघत होते, मागे न वळता. माझ्यावर सोपवून.

"नऊ वाजता," मी म्हटलं. "लागली नाही हो. तो बॉबने पाडला."

हे हळूच रायफल खाली ठेवून वळले आणि हसले. इतके छान हसले की पिन मिळाली असती तरी तसे हसले नसते. बॉब बिचारा गोंधळून गेला. "माझ्या लक्षात नाही रे, तुझाच असेल, घेऊन टाक," म्हणाला. हे त्याला म्हणाले, "माय स्पॉटर डझन्ट लाय, बॉब." नंतर पुष्कळ मॅचेस झाल्या. पाच काही पडले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ह्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. सर्जन आधी बाहेर येऊन आम्हाला भेटले. उघडलं, बघितलं, काही करण्यासारखं नव्हतं म्हणून बंद केलं. सांता क्लाराहून धाकटा मुलगा निखिल आला होता. तो रडत होता. म्हणाला, "आई, प्लीज, नॉट नाऊ. लेट हिम रिकव्हर फर्स्ट." नागपूरहून बहिणीचा फोन आला, "इतक्यात काही बोलू नकोस, माणूस खचतो." सगळ्यांचं म्हणणं प्रेमाचंच होतं. मी मान डोलावून आत गेले. हे नुकतेच भुलीतून बाहेर येत होते, ओठ सुकलेले, नजर समोर छताकडे. माझी पावलं ओळखली असणार. माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठे?"

दुसरं काही तोंडातून येणंच शक्य नव्हतं. "नाही लागली हो," मी म्हटलं. "खूप बाहेर गेली."

ह्यांनी माझा हात चाचपून धरला आणि मैदानावर हसले होते तसेच हसले. "बरं झालं तू होतीस," म्हणाले.

परवा बॉब आला होता. म्हातारा झालाय फार. इथे स्वयंपाकघरात बसला आणि ढसाढसा रडला. म्हणाला, "मला अजून वाटतं, तो मेंढा त्याचाच होता." मी म्हटलं, "नाही बॉब, तुझाच." तो डोळे पुसत हसला आणि मराठीत म्हणाला, "नऊ वाजता."

लोक येतात, डबे घेऊन येतात, धीर देतात. तू किती खंबीर आहेस म्हणतात, किती छान सावरलीस म्हणतात. सगळे मेले 'व्हेरी क्लोज' म्हणणारे! मी सावरलेली नाही, हे मला तोंडावर सांगणारा एकच माणूस होता. त्याच्यासाठी माझा जीव तुटतो. मी त्यांची स्पॉटर, असं सगळे म्हणायचे. ते माझे स्पॉटर होते, हे कुणाला दिसलं नाही, मलासुद्धा नाही.

काल पहिल्यांदा पुन्हा सार केलं. चव घेतली. मीठ कमी की जास्त, कळेना. पुन्हा घेतली, तरी कळेना. टेबलाजवळची ह्यांची खुर्ची माझ्या पाठीमागेच असते. मी गॅसकडे तोंड करून, मागे न वळता विचारलं, "कुठे?"

आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले...