सुट्टे नसलेला पाहुणा

गिरणी बंद पडल्यावर बाबांना अंधेरीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात फोरमनची नोकरी लागली, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. बादल्या, मग, डबे असा माल. ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. मालकांनी हाँगकाँगहून नवं मशीन मागवलं आणि ते बसवून द्यायला तिथला एक तंत्रज्ञ आला. चाळिशीचा, बारीक, अबोल चिनी माणूस. मालक लग्नाला सुरतेला गेले आणि जाताना बाबांना म्हणाले, "पाहुण्याला सांभाळा हं. काही कमीजास्त नको व्हायला."

दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी कॉलेजात होते. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमायचं.

रविवारी त्याला आमच्याकडे जेवायला बोलावलं होतं. आईने पहाटे उठून बाजारातून सुरमई आणली, खोबरं वाटलं. एक वाजला, दोन वाजले. पाहुणा नाही. मी आणि बाबा त्याच्या लॉजवर गेलो. वॉचमन म्हणाला, "वो तो सुबह ही निकला. समुंदर समुंदर कर रहा था."

बाबांचा चेहरा उतरला. "खंय गेलो असतलो ह्यो?" ते मलाच विचारत राहिले. त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर आपली नोकरी गेली, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं.

समुद्र म्हणजे वर्सोवा किंवा जुहू. आम्ही स्टेशनबाहेरच्या बस चौकीवर चौकशी केली. चहा पीत बसलेला एक कंडक्टर मान वर करून म्हणाला, "चिनी? अहो, माझ्याच गाडीत होता सकाळी! तिकिटाला शंभरची नोट काढली. मी कुठून आणू सुट्टे? त्याला म्हटलं, राहू दे, बस. तर हा चालत्या गाडीतून उतरायला निघाला! शेवटी एका कोळणीने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवला आणि त्याचं तिकीट काढलं. वर्सोव्याला उतरले दोघं."

"बरा होता ना पण?" बाबांनी विचारलं.

"बरा? लाजेनं लालबुंद झाला होता, बिचारा."

वर्सोव्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मासळी वाळत टाकलेल्या बांबूंमधून वाट काढत धक्क्यावर गेलो. खाडीपलीकडच्या मढला जाणारी होडी लागलेली होती. मी होडीवाल्याला नुसतं "चिनी माणूस..." एवढंच म्हटलं, तर तो तडकलाच.

"तुमचा हाय का तो? न्या बाबा त्याला! सकाळी पल्याड नेला. उतरताना बघतो तर त्याच्याकडं सुट्टं नाय, म्हटलं जाऊ दे, पाहुणा हाय. आता परत यायला बसतच नाय. मी हाका मारतोय, खाडीभर लोक हसतायत, आन तो नोट दाखवून मान हलवतोय!"

"सकाळपासून तिकडेच?" मी विचारलं.

"तिथंच. दगडावर."

बाबा होडीत इतक्या घाईने चढले की ती हेलकावली. मी त्यांचा सदरा धरला. खाडी ती केवढीशी, पण पलीकडचा काठ जवळ येता येईना. मग तो दिसला. उन्हाने करपलेला, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात तीच नोट. शेजारी कुणीतरी आणून दिलेलं शहाळं. आम्हाला बघून तो ताडकन उठला आणि मला म्हणाला, "नो स्मॉल मनी. वन टाइम, ओके. टू टाइम, नो."

मी बाबांना सांगितलं, "एकदा फुकट आलो ते ठीक, दुसऱ्यांदा कसा बसू, म्हणतोय."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले, त्याला गदागदा हलवलं आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "अरे मेल्या," ते त्याला शुद्ध मालवणीत म्हणाले, "माजो जीव काढलंस तू!" त्याला काय समजलं कोण जाणे, पण तोही हसायला लागला. मग होडीवालाही.

बाबांनी खिशातली चिल्लर काढून पाहुण्याच्या ओंजळीत ओतली. त्याने त्यातून स्वतःच्या हाताने होडीवाल्याला जाण्याचे आणि येण्याचे पैसे दिले, तेव्हा कुठे तो फळीवर टेकला. बस मिळाल्यावर अंधेरीपर्यंतचं आम्हा तिघांचं तिकीटही त्यानेच काढलं. बोट दाखवून, मोठ्याने "थ्री!" म्हणत.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने दारातच मला झापलं, "किती उशीर गो? माशाची कढी तीनदा गरम केलंय!" पण पाहुण्याचं करपलेलं तोंड बघून ती आधी ताकाचा तांब्या घेऊन आली.

तो मांडी घालून बसला आणि सुरमईचे काटे असे सफाईने काढत जेवला की आई बघतच राहिली.

"ईचार गो त्येका, आणखी भात व्हयो?"

मी तोंड उघडायच्या आत त्याने ताट पुढे केलं होतं. बाबा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले होते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली.