गाडीवरच्या माणसाला सांगायचं नाही

आळेफाट्याला आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मी तिथे गाड्या लावते. कोणती गाडी काय माल घेऊन कुठे जाणार, तिच्यावर कोण असणार, ती कुठवर पोचली, हे सगळं फोनवरून बघायचं, एवढंच माझं काम. करोना आला तेव्हा मला तिथे लागून चार वर्षं झाली होती.

आमचे शेठ जैन. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथेच राहिले. शेठ साठीच्या पुढचे, साखरेचा आजार असलेले. टाळेबंदी लागली त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आता काय करायचं?" इतक्या वर्षांत त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. सगळं बंद झालं होतं, पण कांदा आणि टोमॅटो शेतात थांबत नाहीत, त्यामुळे गाड्या जाणारच होत्या. आणि गाडीबरोबर माणूस जाणार.

मग आम्ही दोघांनी बसून नियम केले. काही टीव्हीवर बघून, काही डॉक्टरांना विचारून, काही आमच्या मनाने. ऑफिस पहिल्या मजल्यावर असल्यामुळे शेठनी खिडकीला दोरी बांधून बादली सोडली. ड्रायव्हरने खालून बादलीत बिल्टी, म्हणजे मालाची पावती, टाकायची, मी वर ओढून ती गच्चीवर उन्हात ठेवायची. एका गाडीवरच्या दोघांची जोडी मोडायची नाही, म्हणजे एकाला बाधा झालीच तर ती दोघांपुरती राहील. ढाबे बंद होते, म्हणून प्रत्येक गाडीत स्टोव्ह, पीठ, तांदूळ दिले. परत आलेल्याने सरळ घरी जायचं नाही, ऑफिसमागच्या गोडाऊनमध्ये सात दिवस काढायचे. तिथे आम्ही लांब लांब खाटा टाकल्या आणि दाराशी साबण आणि नळाचं पिंप ठेवलं. शेठच्या घरून दोन्ही वेळचे डबे यायचे. कांदा-लसूण नसलेली ती भाजी ड्रायव्हरांच्या घशाखाली उतरत नसे. कांद्याच्या गाड्या चालवायच्या आणि बिनकांद्याचं खायचं, म्हणून ते आपसात हसायचे.

सगळे नियम पाळले गेले असं नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडावर मास्क टिकत नसे. एकाने ताप मोजायचं यंत्र मोबाईलच्या चार्जरपाशी ठेवलं आणि रोज भलतेच आकडे पाठवले. पण पहिल्या वर्षी आमचा एकही माणूस दवाखान्यात गेला नाही, आणि याचा मला अभिमान वाटायचा.

एक नियम मात्र करोनाच्या आधीपासूनचा होता. गाडीवर असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. फार पूर्वी एका ड्रायव्हरला चालत्या गाडीत बापाच्या आजारपणाचा फोन गेला होता आणि घाटात त्याची गाडी उलटली होती. तो वाचला, पण हात गेला. तेव्हापासून शेठनी सांगून ठेवलं होतं, घरून काही वाईट कळलं तर फोन ऑफिसला करा, गाडी फाटकात आल्यावर आम्ही सांगू. करोनात हा नियम आम्ही आणखी घट्ट केला. घाबरलेला माणूस झोपत नाही, आणि न झोपलेला माणूस गाडी चालवायला नको.

आमच्याकडे खोडदचे एक ड्रायव्हर होते. पन्नाशीच्या पुढचे, पंचवीस वर्षं गाडीवर काढलेले. मी त्यांना काका म्हणायची. मुलगा नाही, एक मुलगी होती ती लग्न होऊन गुजरातेत, आणि शेत पुतण्या बघायचा. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी कधी जवळून बघितलं नव्हतं. ओळख सगळी फोनवरची. त्यांच्या घराजवळ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या आहेत, आणि तिकडे मोबाईलला रेंज मुळातच कमी. काकू गच्चीवर चढून फोन करायच्या. "ताई, आमचं मानूस कुठवर आलं?" मी सांगायची, अमरावती सोडलं, जेवण झालंय. "जेवलं ना? मंग झालं," म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

काका गोडाऊनमध्ये असले की काकू पुतण्याच्या मोटरसायकलवर यायच्या. फाटकाच्या आत यायला बंदी होती. त्या रस्त्यापलीकडे गॅरेजच्या सावलीत पदर तोंडाला बांधून उभ्या राहायच्या, काका इकडे गोडाऊनच्या दारात, आणि दोघं एकमेकांकडे बघत फोनवर बोलायचे. मध्ये गाड्यांची ये-जा. एखादा कंटेनर आडवा आला की दोघंही बोलायचं थांबायचे. मी वरून बघायची. वीस-वीस मिनिटं काय बोलत असतील कोण जाणे.

दुसऱ्या लाटेत काका कांदा घेऊन कोलकात्याला गेले. ते परतीला लागले त्या सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज बसला होता.

"ताई, मला चार दिस झालं ताप हाय. ह्यांना सांगू नको."

"दवाखान्यात गेलात का?"

"गोळ्या घेतल्यात. गल्लीत चौघांना हाय. ह्यांना नको सांगू हां. लई घोर लावून घेत्यात. गाडीवर हायेत."

मी म्हटलं, "नाही सांगत."

मला ते अवघड वाटलं नाही, कारण आमचा नियमच होता. पुतण्याला फोन करून मी काकूंची तपासणी करायला लावली आणि ऑफिसातलं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र एका टेम्पोवाल्याबरोबर खोडदला पाठवलं. संध्याकाळी पुतण्याने आकडा कळवला, एक्क्याण्णव. मंगळवारी तो अठ्ठ्याऐंशी झाला. शेठ आणि मी दोन फोन घेऊन बसलो. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, कुठेच खाट नव्हती. शेठनी आयुष्यात जेवढ्या लोकांना उपकार म्हणून माल पोचवला असेल तेवढ्या सगळ्यांना त्या दिवशी फोन केले. संध्याकाळी मंचरला खाट मिळाली आणि पुतण्याने त्यांना तिकडे नेलं.

काकांचा फोन रोज यायचा. "ताई, घरी फोन लागंना."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "रेंज नसेल."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "गावात लाईट नाही म्हणत होते, चार्जिंग संपलं असेल."

तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्यासाठी कारण शोधलं. "ती पोरीशी बोलत बसत आसंल," म्हणाले. मी हो म्हटलं. खोटं बोलताना आवाज कापेल अशी मला भीती होती. तो कापला नाही. आज याचंच मला जास्त वाईट वाटतं.

गुरुवारी दुपारी मंचरहून पुतण्याचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं. काकू गेल्या होत्या.

मी शेठकडे बघितलं. ते मधल्या काचेपलीकडे बसले होते. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "गाडी कुठे आहे?"

"नगरच्या आसपास असेल."

"त्याच्या जोडीदाराला फोन कर. इथून पुढे गाडी त्यानेच चालवायची. कारण सांगू नको."

मी जोडीदाराला फोन केला. तो जरा थांबला, म्हणाला, "बरं." त्याला कळलं असावं. अर्ध्या तासाने काकांचाच फोन आला, टाकळी ढोकेश्वरहून.

"ताई, च्या प्यायला थांबलोय, टपरी उघडी घावली. ह्यो गडी आज गाडी सोडायलाच तयार न्हाई, म्हनतो तुमी आराम करा. येतो दोन तासांत. घरी लागला का गं फोन?"

"तुम्ही या," मी म्हटलं. "सावकाश या."

"येतो," ते म्हणाले.

गाडी फाटकात आली तेव्हा शेठ खाली उतरले होते. त्या सगळ्या काळात ते ड्रायव्हरच्या एवढं जवळ कधी गेले नव्हते. मी त्यांच्या मागे होते. काका केबिनमधून उतरले, मास्क वर ओढला, बिल्टी टाकायला बादली शोधू लागले आणि मग त्यांनी शेठना बघितलं. शेठनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सांगायचं काम माझं होतं, पण सांगितलं शेठनीच. काका जागेवरच उभे राहिले. हातातली बिल्टी त्यांनी नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "आज सकाळी?"

"दुपारी," शेठ म्हणाले.

शेठनी सात दिवसांचा नियम तिथेच मोडला आणि त्यांना जीपमध्ये घालून मंचरला नेलं. मीही गेले. पांढरे पोशाख घातलेली माणसं सगळं करत होती. काकांनाही तसाच पोशाख घातला, हातमोजे घातले आणि लांब उभं केलं. चेहरा दाखवला का, मला माहीत नाही. आम्ही बाहेरच्या रस्त्यावर उभे होतो. मुलीला गुजरातेतून येता आलं नाही. पुतण्याने तिला फोन लावून दिला होता आणि त्या फोनमधून रडण्याचा आवाज येत होता. काका रडले नाहीत.

त्यांना घरी जाता येणार नव्हतं, कारण पुतण्याच्या घरीही तपासण्या चालू होत्या. ते गोडाऊनमध्येच परत आले. त्यांची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. सहा दिवस ते त्या खाटेवर होते. मी रोज दाराशी डबा ठेवून यायची. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली.

"ताई, बस जरा."

मी दाराबाहेर पिंपाशेजारी बसले. ते आत खाटेवर.

"तुला कवा कळलं व्हतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ते चार दिवस मी खोटंच बोलले होते.

"सोमवारी," मी म्हटलं. "सकाळी. काकूंनीच फोन केला होता. म्हणाल्या, तुम्हाला सांगू नको."

"आसंच म्हनली आसंल." त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली. "तुझा काय दोष न्हाई. तिनं सांगितलं, शेठचा नियम हाय. बराबर हाय."

मी पिंपाचा गळणारा नळ घट्ट केला.

"फकस्त येवढंच वाटतं," ते म्हणाले, "सोमवारी तिचा आवाज व्हता. मंगळवारी बी व्हता. गाडी बाजूला लावता येती ताई. मी लावली आसती. बोललो आसतो, रडलो आसतो, तासभर बसलो आसतो आनि मंग निघालो आसतो. पंचवीस वर्सं चालवतोय. येवढं कळत व्हतं मला."

मी मान खाली घातली होती.

"बुधवारी औरंगाबादच्या अलीकडं मी मस्त झोपलो," ते म्हणाले. "जोडीदाराला म्हनलं, काय घाई हाय."

डबा तसाच होता. मी म्हटलं, "काका, जेवून घ्या." त्यांनी डबा उघडला आणि जेवले, सगळं संपवलं, मला बरं वाटावं म्हणून.

त्यानंतर मी शेठना म्हटलं, हा नियम बदलायचा. मला वाटलं होतं वाद होईल. ते म्हणाले, "तू सांग कसा." मी म्हटलं, आधी गाडी कुठे आहे ते विचारायचं. रस्त्याकडेला लावायला सांगायची. चावी जोडीदाराच्या हातात द्यायची. मग सांगायचं, सगळं सांगायचं आणि ती गाडी तिथे कितीही वेळ थांबू द्यायची. माल नासला तर नासला. शेठ म्हणाले, "बरं." तेव्हापासून तसंच चाललंय. गेल्या वर्षी एका ड्रायव्हरला मी धुळ्याजवळ थांबवलं. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. घरच्यांनी तिच्या कानाशी फोन धरला आणि तो तिच्याशी बोलला.

करोना ओसरल्यावर वाहतूकदारांच्या एका संघटनेने आमच्या कंपनीचा सत्कार ठेवला. दोन्ही वर्षांत आमच्या एकाही ड्रायव्हरचा किंवा ऑफिसातल्या माणसाचा जीव गेला नव्हता. ती गोष्ट खरी होती. काय काय काळजी घेतली ते लिहून द्या, असं त्यांनी सांगितलं आणि शेठनी ते काम मला दिलं. मी बादली लिहिली, गोडाऊन लिहिलं, जोड्या लिहिल्या, स्टोव्ह लिहिला. शेठनी कागद वाचला. एक नियम मी लिहिला नव्हता हे त्यांच्या लक्षात आलं असणार, पण त्यांनी विचारलं नाही.

नारायणगावला कार्यक्रम झाला. सगळ्यात जुना ड्रायव्हर म्हणून काकांना व्यासपीठावर बोलावलं होतं. मला वाटलं येणार नाहीत. ते आले, इस्त्रीचा सदरा घालून, मागच्या खुर्चीत बसले. शाल, नारळ घेतला, नमस्कार केला. निवेदकाने विचारलं, दोन शब्द बोलता का? त्यांनी नाही म्हणून हात हलवला. मग काय वाटलं कोण जाणे, माईकपाशी आले आणि म्हणाले, "शेठनी आमाला सांभाळलं. ताईनी सांभाळलं. आमी सगळे हायोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता ते लांबच्या गाडीवर जात नाहीत. दुधाचा टँकर चालवतात, सकाळी जातात आणि अंधार पडायच्या आत घरी. अधूनमधून ऑफिसात चहाला येतात. पाऊस, दुधाची फॅट, मुलीच्या पोरांची शाळा, असं काहीबाही बोलतात. काकूंचं नाव निघत नाही. एकदा मीच धीर करून म्हटलं, "काका, तुम्ही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभं राहून काय बोलायचात हो एवढं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ती बोलायची," ते म्हणाले. "शेजारनीचं, कोंबड्याचं, पानी किती वाजता येतं. मी नुसता हं हं म्हनायचो." मग उठले, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "टँकर उनात हाय, निघतो."