निवटीचं पान

आधी बाईंचं सांगते. रामवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. रोह्याला जन्मभर पहिली-दुसरीची पोरं शिकवली, आता घरी असतात. त्या संध्याकाळी त्यांनी तोंड उघडलं नसतं, तर मी आजही खुशीत असते आणि पोरगी माझ्याच वाटेनं गेली असती.

माझी वाट म्हणजे चौथीतून थेट उसाच्या फडावर. बीडकडचं गाव सोडून इतक्या लांब आलो ते नवऱ्याला डोलवीच्या कंपनीत कंत्राटी काम मिळालं म्हणून. पोरगी दुसरीत. रोज दारात बसून धडा वाचायची, घडाघडा. मी भाकरी थापता थापता ऐकायची. वाटायचं, जमलं बाई, ही सुटली.

त्या दिवशी बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी धड्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कुठला गो?"

पोरगी पहिल्या ओळीपासून म्हणत निघाली.

"तसं नाय. फक्त हा."

पोरगी पुन्हा पहिल्या ओळीकडे वळली. दुसरा शब्द दाखवला. तेच. बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पाठ हाय गो तिला. वाचत नाय ती."

तव्यावर भाकरी करपली, तरी ध्यानात आलं नाही. इतके महिने मी ऐकत होते ते काय होतं? पोरीवर हात उगारला, तर बाईंनी मनगट धरलं. "तिला कशाला मारतेस? वर्गात सगळी एका सुरात म्हणतात, ती पण म्हणते. वाचायची भूक नाय लागली अजून."

दुसऱ्या दिवशी त्या एक पुस्तक घेऊन आल्या. खाडीतल्या जिवांचं. ना राजा, ना राणी. पानभर फोटो आणि खाली एकदोन ओळी. मला वाटलं, गोष्टच नाही तर पोरगी वाचेल कशाला? पण ती एका पानावर अडकली. धरमतरच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा, बटबटीत डोळ्यांचा मासा तिनं पाहिला होता. निवटी.

"काय लिहिलंय?" तिनं बाईंना विचारलं.

"मला काय ठाव? चष्मा नाय."

"डोक्यावर हाय की!"

"तो लांबचा."

मलाही बाईंची ताकीद होती, वाचून दाखवायचं नाही. पोरगी रुसली, चिडली, शेवटी बोट ठेवून बसली. नि. व. टी. कितीतरी दिवस तेच पान. अक्षर अडलं की बाई सांगायच्या, शब्द कधी नाही.

मग एकदा मी भांडी घासताना आली. "आई, निवटी पाण्याबाहेर ओल्या कातडीनं श्वास घेती."

"चल, काहीतरीच. मासा हाय तो."

"लिहिलंय."

पुस्तक माझ्यापुढं धरलं. मी अडखळत वाचलं. तसंच होतं. माशाचं नवल नंतर वाटलं. आधी मी पोरीकडेच बघत राहिले. हे तिला कुणीच वाचून दाखवलं नव्हतं. पाठ व्हायला कुणाच्या तोंडून ऐकायला तर पाहिजे! बाईंना सांगायला तशीच खरकट्या हातांनी धावले.

धास्ती अजून जात नाही. रोज एखादा मधलाच शब्द विचारते. पोरगी वैतागते.

परवा तिनं बाईंना विचारलं, आमच्या गावाकडच्या हुरड्याचं पुस्तक का नाही?

"कुणी लिवलं तर वाचीन. मी हुरडा बघितला पण नाय," बाई म्हणाल्या.

बाई, ते मी लिहीन. गावाकडं शेकोटीपाशी फोटो काढीन, खाली एकेक ओळ घालीन, चुकेल ते पोरगी सुधारील. पहिलं तुमच्या हातात देईन, आणि त्या दिवशी चष्म्याची सबब चालणार नाही.